सिबिल खराब असताना काढलेलं विद्यार्थी खातं : नऊ महिन्यांनंतर

नऊ महिन्यांपूर्वी मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सरकारी बँकेत झिरो बॅलन्सचं खातं काढलं. खरं तर ते वर्षभर आधीच काढायला हवं होतं. पण माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा स्कोअर, ५७८, आणि असल्या सिबिलवर कुठलीच बँक खातं देणार नाही असं मी धरून चालले होते. माझ्या होस्टेलवर अजून तिघीजणी असंच समजून बसल्यात, म्हणून सविस्तर लिहितेय.

सिबिल बिघडला मोबाईलपायी. दादासाठी फोन घेतला, हप्ते माझ्या नावावर. त्याच वर्षी अवकाळीनं आमची तासगावकडची द्राक्षबाग गेली आणि घरून हप्त्याचे पैसे यायचे थांबले. हप्त्याचा ऑटो-डेबिट माझ्या जुन्या खात्याला, आणि शिष्यवृत्तीही त्याच खात्यात. हप्ता बाउन्स झाला की दंड ५०० आणि वर जीएसटी, म्हणजे ५९०. पाच महिने खात्यात काहीच नव्हतं, त्यामुळे कळलंही नाही. शिष्यवृत्ती जमा झाली त्या दिवशी पासबुक छापून घेतलं, तर जमेच्या ओळीखाली ५९०, ५९०, अशा पाच ओळी. एकूण २,९५० रुपये. त्या काउंटरसमोरच मला रडू आलं.

नव्या खात्यासाठी पहिल्या बँकेत गेले, तिथं "सिबिल बघावा लागेल" म्हणाले आणि परत पाठवलं. दुसऱ्या बँकेतल्या मॅडमनी विचारलं, "बाळ, तू कर्ज मागायला आलीयस का पैसे ठेवायला? ठेवायला आलीयस, तर सिबिल कशाला बघू?" आधार, पॅन, दोन फोटो, एवढ्यावर काम झालं. फॉर्मवर 'बेसिक सेव्हिंग्ज' लिहायला मात्र विसरू नका. हे किमान शिल्लक नसलेलं खातं सगळ्यांना देणं रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासून बँकांना बंधनकारक केलंय. त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल, तर ते ३० दिवसांत बंद करावं लागतं.

खातं निघालं म्हणजे शिष्यवृत्ती तिथं यायला लागते असं नाही. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, म्हणून नव्या बँकेत आधार सीडिंगचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. माझं सीडिंग व्हायला नऊ दिवस लागले. आधारच्या वेबसाईटवर बँकेचं नाव बदललेलं दिसेपर्यंत मी रोज बघत होते. आणि जिथं तुमचं कर्ज थकलंय, त्याच बँकेत हे खातं काढू नका. थकबाकीपोटी खात्यातली रक्कम वळती करून घ्यायचा हक्क बँकेला असतो.

नऊ महिन्यांत एक रुपयाही कापला गेलेला नाही. रुपे कार्ड फुकट मिळालं. महिन्यात चार वेळा पैसे काढणं मोफत आहे, मला तेवढं पुरतं. चेकबुक मिळालं नाही, आणि पासबुकाचं मशीन बहुतेक वेळा बंदच असतं.

हे खातं काढून सिबिल सुधारत नाही, हेही स्पष्ट सांगते. त्यासाठी थकबाकीच भरावी लागली. फायनान्सवाले "अर्ध्यात मिटवून टाका" म्हणत होते, मी नाही म्हटलं. तसं मिटवलं की रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढं कर्ज देणारा तो आधी बघतो. शिकवण्या घेऊन तीन टप्प्यांत सगळी रक्कम भरली, नो ड्यूज पत्र घेतलं. दोन महिन्यांनी वर्षातून एकदा मिळणारा मोफत रिपोर्ट काढला, तर थकबाकी तशीच दिसत होती. सिबिलच्या साईटवर तक्रार टाकली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं तक्रारदाराला रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. माझी नोंद तेविसाव्या दिवशी दुरुस्त झाली. आज स्कोअर ६४१ आहे.

पुढच्या वर्षी एमएस्सीला कर्ज लागलं तर त्याच मॅडमकडे जाणार आहे. "तेव्हा मात्र सिबिल बघणार हं," असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.