उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोचं इंडिजिनस स्टडीजचं मास्टर्स, ५ पैकी ४ स्टार

"आदिवासींचं शिकायला नॉर्वेला? अगं अक्कलकुव्याची एसटी आपल्या दारातून जाते!" पप्पा पहिल्यांदा हेच म्हणाले. आम्ही नंदुरबारकडच्या तळोद्याचे, बाजारात दुकान, गिऱ्हाईक निम्मं पाड्यांवरचं, त्यामुळे मुद्दा बरोबरच होता. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीवाल्याने तर पाऊण तास खाल्ला, स्कोप नाही, एमबीए कर म्हणे. शेवटी मीच डायरेक्ट अर्ज केला. २०२१ ते २३, नॉर्वेची आर्क्टिक युनिव्हर्सिटी म्हणजे यूआयटी, दोन वर्षं, १२० क्रेडिट, सगळं इंग्लिशमधून.

तिथले मूळ लोक सामी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया चारही देशांत विभागलेले. पहिल्याच सेमिस्टरला, ११ ऑक्टोबर २०२१ ला, फोसेन भागातल्या पवनचक्क्यांच्या केसचा निकाल आला. नॉर्वेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की या चक्क्यांमुळे रेनडिअर पाळणाऱ्या सामींच्या हक्कांवर गदा आलीय, आणि तरी चक्क्या फिरतच राहिल्या म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत सामी पोरं ओस्लोत मंत्रालयात जाऊन बसली. विषय असा रोजच्या बातम्यांत चालू असेल तर रीडिंगचा ढीगही जड वाटत नाही (बरं, वाटतो, पण वाचून होतो).

मला खरं हलवलं ते आल्ताने. आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ मध्ये सामी लोक ओस्लोत संसदेसमोर लाव्वू म्हणजे त्यांचा तंबू ठोकून उपोषणाला बसले होते. धरण झालंच, पण 'माझे' (Máze) नावाचं सामींचं गाव बुडवायचं आधीच्या प्लॅनमध्ये होतं ते वाचलं, आणि १९८९ ला सामींची स्वतःची संसद उभी राहिली. हे ऐकताना माझ्या डोक्यात सरदार सरोवर. आपल्याकडची अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं त्यात गेली, त्यातली किती माणसं आमच्याच तालुक्यात सोमावलला वसवलीत, आणि मी लहानपणापासून त्यांना फक्त 'धरणवाले' म्हणून ओळखत होते, उधारीच्या वहीत नाव असलेले.

तिथे सारखं विचारतात, हे लिहिणारी तू कोण? आधी वैताग यायचा. मग उन्हाळ्यात फील्डवर्कला सोमावलला गेले, प्रश्नावली बिश्नावली घेऊन, तर एका आजीने मला वरखाली बघून विचारलं, "तू दुकानवाल्याची पोरगी ना?" झालं, प्रश्नावली पिशवीत. त्या दिवशी तिनेच मला विचारलं सगळं.

आणखी एक, आपलं सरकार म्हणतं सगळेच भारतीय इथले मूळचे, त्यामुळे इंडिजिनस शब्दावर वर्गात भारताची गाडी नेहमी अडते. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, तिचा मूळ लोकांच्या हक्कांचा १६९ नंबरचा करार नॉर्वेने १९९० ला सगळ्यात आधी मान्य केला, आपण अजून नाही.

एक स्टार कापलाय तो अंधाराचा. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, व्हिटॅमिन डी घेऊन जा, आणि घरून गोडा मसाला. खर्चाचं नीट बघा. माझ्या वेळी ट्यूशन फी नव्हती, २०२३ च्या ऑगस्टपासून युरोपबाहेरच्यांना लागते, शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम दाखवावी लागते ती वेगळीच. या वर्षी प्रवेश आहेत का ते युनिव्हर्सिटीच्या साइटवर बघून घ्या. आणि नोकरीचं विचाराल तर मी सध्या नंदुरबारला वनहक्काच्या दाव्यांचे कागद तयार करते, पगार एमबीएवाल्यांना सांगण्यासारखा नाही.