रिकोह जीआर ३ साठी व्ह्यूफाइंडर: जीव्ही-१ की जीव्ही-२?

मित्र आठवडाभर अडकलाय, जीआर ३ या छोट्या कॅमेऱ्यावर लावायला जीव्ही-१ घेऊ की जीव्ही-२ (डोळा लावून फ्रेम बघायचे वेगळे व्ह्यूफाइंडर), म्हणून लिहितोय. दोन्ही हॉटशूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, बसतात, दोन्हीत बॅटरी नाही, आणि फोकस कुठे बसला ते दोन्हीत दिसत नाही, त्यामुळे स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावरचा फोकस) २ मीटरवर ठेवून मोकळं व्हायचं. जवळचं काही काढताना फ्रेम सरकते, व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर असतो ना, तेव्हा मुकाट स्क्रीन बघायची.

आता आकार. जीव्ही-१ थोराड आहे, आणि जीआर घ्यायचा तो खिशात टाकायलाच, वर हे धूड बसवलं की खिसा विसरा. जीव्ही-२ लहान, हलका, रस्त्यावर फिरताना त्रास नाही.

पण जीव्ही-१ मध्ये जीआर ३च्या लेन्सच्या २८ मिमीबरोबर २१ मिमीची फ्रेमही आहे, वाइड कन्व्हर्टर (दृश्य रुंद करून २१ मिमी करणारी जोड-लेन्स) लावणाऱ्याला ती लागतेच. जीव्ही-२ फक्त २८ वाल्यांचा. ४० मिमी लेन्सचा जीआर ३एक्स कॅमेरा असेल तर दोन्ही सोडा, त्याला जीव्ही-३.

किंमत? जुना मिळाला तर बघ, पण काचेत बुरशी आहे का ते उजेडात धरून तपास, आपल्याकडचा पावसाळा माहितीये ना.

कन्व्हर्टर असेल तर जीव्ही-१, नुसतं भटकायचं तर जीव्ही-२. चष्मा असेल तर आधी डोळा लावून बघ.