डेड लॅपटॉपसाठी लॅमिंग्टन रोडवरचं हे दुकान : माझा अनुभव

या दुकानात लॅपटॉपचा मुख्य बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, तपासायचे ४०० रुपये आधी घेतात. दुरुस्ती तिथेच करून घेतली तर ते बिलातून वजा होतात, नाही केली तर गेले. आजूबाजूला ‘चेकिंग फ्री’च्या पाट्या लागलेल्या असताना हे पैसे का द्यायचे, असं कुणालाही वाटेल. द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण इथे आधी मोजतात आणि मग बोलतात.

मी डोंबिवलीत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची स्मरणिका. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची कामं अंगावर येतात आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप गेला. रात्री नीट बंद केला होता, सकाळी सुरूच होईना. चार्जर लावला तरी दिवा नाही, बटण दाबलं तरी पंख्याचा आवाज नाही. घरी करण्यासारखं होतं ते केलं. प्लग बदलून पाहिला, चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत उरलेला चार्ज असा निघून गेला की कधी कधी मशीन तेवढ्यावरही सुरू होतं. माझं झालं नाही. जवळच्या एका दुकानात नेला, तर त्यांनी स्क्रूसुद्धा न काढता सांगितलं, “मदरबोर्ड गेलाय, १४ हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या.” आतल्या फाइलींचं विचारलं तर “बघू.”

इथल्या कारागिरांनी लॅपटॉप हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. पाणी-चहा सांडला होता का? काम करता करता गेला की बंद असताना? दिवा लागतो आणि फक्त स्क्रीन काळी राहते, असं तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. दिवा लागत असेल, पंखा फिरत असेल, तर बहुतेक वेळा रॅम किंवा डिस्प्लेकडे पाहावं लागतं. पूर्ण डेड मशीनचा तपास वेगळ्या वाटेने जातो.

मग चार्जर. त्यावर १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असं छापलेलं होतं, म्हणजे ६५ वॅटचा. मीटर लावून आकडा मला दाखवला : १९.६. “चार्जर ठीक आहे ताई, आता बोर्ड बघू.” झाकण उघडल्यावर पहिलं काम केलं ते बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. आणि दुसरं, जे मला सगळ्यात जास्त भावलं : एसएसडी, म्हणजे सगळ्या फाइली जिच्यावर असतात ती डिस्क, काढली, छोट्या अँटिस्टॅटिक पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. “बोर्डाचं काम आहे, हिची आम्हाला गरज नाही. तुमच्याकडे ठेवा.”

माझ्या त्या एसएसडीवर शेकडो घरांचे पत्ते आहेत, फोन नंबर आहेत, पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेली ती माहिती आहे. ती कुणाच्या तरी शेल्फवर रात्रभर पडून राहणं मला चालणार नव्हतं आणि ते मला तोंडाने सांगावंही लागलं नाही. त्यांनी आणखी एक विचारलं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की जवळ आहे का. बोर्ड बदलावा लागला तर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर एसएसडी धडधाकट असूनही फाइली उघडत नाहीत. लॅपटॉप चालू असतानाच ही की काढून कागदावर लिहून ठेवा, अशी माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. काही पातळ मॉडेलांमध्ये स्टोअरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे असं काढून हातात देणं शक्य नाही.

पुढचा तपास मी समोर उभी राहून पाहिला. बोर्डाला चार्जरऐवजी टेबलावरचा पॉवर सप्लाय जोडला. बोर्ड किती करंट ओढतोय हे त्यावर दिसतं. माझ्या बोर्डाचा आकडा जवळजवळ शून्यावर. मग मीटर बझरवर ठेवून मेन लाइन आणि ग्राउंडला टोकं लावली, तर सलग बीप. म्हणजे शॉर्ट, करंट मधल्या मधे सरळ ग्राउंडला जातोय. पुढे शॉर्ट असला की चार्जिंगची चिप करंट आत सोडतच नाही, म्हणून दिवाही लागत नव्हता. शॉर्ट नेमका कुठे आहे हे शोधायला त्यांनी त्या लाइनवर फक्त एक व्होल्ट सोडला आणि बोर्डावर आयपीए, म्हणजे पटकन उडून जाणारं अल्कोहोल, पसरवलं. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि तिथलं द्रव आधी उडतं. जास्त का नाही, विचारल्यावर म्हणाले, एखादा मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, फुटलेला असेल तर तो करंट सरळ प्रोसेसरमध्ये जातो, मग वाचवण्यासारखं काही उरत नाही. काही क्षणांत एका जागचं द्रव बाकी सगळ्याच्या आधी वाळलं. तिथे तिळाएवढा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे थोडा चार्ज साठवणारा भाग, होता. तो काढल्यावर बीप थांबली.

मदरबोर्ड गेला नव्हता. गेला होता हा एवढासा तुकडा. तडा गेला की आतले थर एकमेकांना चिकटतात आणि सगळी लाइन खाली बसते. जुन्या बोर्डावरून तेवढ्याच व्होल्टेजचा दुसरा काढून बसवला, बटण दाबलं आणि सप्लायवरचा आकडा चढायला लागला. पंख्याचा आवाज आला तेव्हा मला अक्षरशः भरून आलं.

बिल १,८०० रुपये, तपासणीचे ४०० त्यातच. बिलावर काय बदललं ते लिहून दिलं आणि त्या कामाची महिन्याभराची गॅरंटी. ती बोर्डाच्या तेवढ्याच भागाची आहे, हेही आधीच सांगितलं.

उणिवा आहेत. संध्याकाळपर्यंत देतो म्हणाले आणि मशीन मिळालं दुसऱ्या दिवशी, कारण काही तास चालवून बघायचं होतं. कारण पटलं, पण एक फोन करायला हवा होता. जिना अरुंद आणि चढा आहे, बसायला जागा नाही. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी कुणाला तरी पाठवावं. पंख्याची साफसफाई आणि थर्मल पेस्ट यांचे वेगळे पैसे पडतात.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर इथे आणू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. पाणी सांडलं असेल तर बटण दाबून बघू नका, चार्जर काढून तसाच घेऊन या.

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरा. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असं असतं, विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. रविवारी बंद. चार्जर आठवणीने सोबत न्या, तो पाहिल्याशिवाय ते पुढचं काही सुरू करत नाहीत.