बिझनेस इंग्रजीचं वाचन: सोपे धडे की थेट बातम्या?

एका मैत्रिणीला सरावासाठी काय घ्यावं ते ठरत नाहीये: शिकणाऱ्यांसाठी सोप्या केलेल्या बातम्यांचे धडे की इंग्रजी पेपरचं बिझनेस पान? 'महिन्यात अस्खलित' छापाच्या जाहिराती बाजूलाच ठेवू.

मेहनत धड्यांत कमी. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी रेडिओचं १९५९ साली सुरू झालेलं, सोप्या इंग्रजीतलं 'स्पेशल इंग्लिश' जेमतेम १५०० शब्दांत चालायचं. थेट बातमीत मथळाच अडवतो: कालची घटना वर्तमानकाळात, आणि 'फर्म टु कट जॉब्ज' म्हणजे कपात अजून व्हायचीय.

खरी गोम आकड्यांत आहे. 'सेल्स ग्रोथ स्लोज' वाचून विक्री घटली असं वाटतं. प्रत्यक्षात ती वाढलेलीच असते, फक्त वेग मंदावलेला. व्याजदर ४ वरून ५ टक्क्यांवर गेला तर वाढ एका पर्सेंटेज पॉइंटची, पण आधीच्या ४ च्या तुलनेत २५ टक्क्यांची. सोपं करताना हे बारकावे सहज गळतात आणि मीटिंगमध्ये नेमके तेच लागतात. माझं झुकतं माप त्यामुळे थेट बातम्यांना.

खर्चाचं म्हणाल तर धडे बरेचसे फुकट, चांगले बिझनेस पेपर बहुधा पेवॉलमागे, म्हणजे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं फुकट मिळतात (आत्मस्तुती गाळून वाचायची!).

दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागत असेल तर आधी धडेच घ्या. अर्थ लागतो पण मथळे-आकडे चकवतात, त्यांनी थेट बातम्या वाचाव्यात. मुलाखत तोंडावर असेल तर फक्त त्या कंपनीच्या क्षेत्रातल्या बातम्या. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि आपोआप बसतात.