सेव्हिलचा आल्काझार: अरबी अक्षरांनी नटलेला ख्रिस्ती राजवाडा

स्पेनमधील सेव्हिल येथील आल्काझारच्या सिंहद्वारातून आत गेल्यावर समोर पेद्रो राजाच्या महालाचा दर्शनी भाग दिसतो. बहुतेक पर्यटक त्याचे छायाचित्र घेऊन पुढे सरकतात, पण तिथे पाच मिनिटे थांबावे. निळ्या-पांढऱ्या फरशांमध्ये कुफी या कोनदार अरबी लिपीतील 'अल्लाहखेरीज कोणी विजेता नाही' हे ग्रानादाच्या सुलतानांचे ब्रीद गुंफले आहे, आणि त्याच्याच कडेने गॉथिक अक्षरांत पेद्रोचे, म्हणजे कॅस्टिल या स्पेनमधील राज्याच्या ख्रिस्ती राजाचे नाव आहे. सेव्हिल १२४८ मध्ये मुस्लिम राजवटीच्या हातून गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पेद्रोने आपल्यासाठी हा महाल बांधून घेतला, तो मात्र ख्रिस्ती राजवटीतही टिकून राहिलेल्या इस्लामी धाटणीच्या शैलीत, जिला मुदेहार म्हणतात.

महालाच्या मधोमध असलेला दोन्सेयास चौक मला सर्वांत आवडला. कमानींवरील गिलाव्याची नक्षी इतकी नाजूक आहे की, लेस विणून भिंतीला चिकटवली असावी, असे वाटते. लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंना जमिनीच्या पातळीखाली बाग आहे. ती सोळाव्या शतकात संगमरवराखाली गाडली गेली होती आणि या शतकाच्या आरंभी झालेल्या उत्खननात पुन्हा सापडली. वरचा मजला मात्र नंतरच्या इटालियन वळणाचा आहे आणि खालच्या कमानींशी त्याचा सूर जुळत नाही. शेजारच्या राजदूत दालनात मान दुखेपर्यंत वर पाहावे: तेथील सोनेरी लाकडी घुमट १४२७ चा आहे.

पेद्रोची प्रेयसी मारिया दे पादिया हिच्या नावाने ओळखली जाणारी स्नानगृहे म्हणजे प्रत्यक्षात पावसाच्या पाण्याची टाकी आहेत. पाण्यात उमटणारे कमानींचे प्रतिबिंब सुंदर आहे, पण एका दृष्टिक्षेपात पाहून होते. उद्याने मात्र निवांत फिरून पाहावीत. कडू संत्र्यांची झाडे, फरशांनी मढवलेले बाक आणि पाण्याचा सततचा आवाज यांमुळे उन्हाचा ताप बराच कमी जाणवतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यातील चारबागेची शिस्तबद्ध भव्यता येथे नाही. एका लहान बागेतून दुसरीत डोकावत जावे, अशी ही रचना आहे.

प्रवेशाची वेळ ठरवूनच तिकीट मिळते, म्हणून सकाळची पहिली वेळ आधीच राखून ठेवावी. वरच्या मजल्यावरील राजघराण्याच्या, आजही वापरात असलेल्या दालनांसाठी वेगळे तिकीट लागते; हाताशी तीनच तास असतील, तर तो वेळ उद्यानांना द्यावा.