मुंबई नाक्याजवळची कॅन्सर ओपीडी: डॉक्टर एक नंबर, वेटिंग बेकार

मामांना फुफ्फुसाचा कॅन्सर, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढून तिलाच कॅन्सरशी लढवणारं औषध) द्यायची की नाही म्हणून सेकंड ओपिनियनला गेलो होतो, हॉस्पिटलचं नाव टाकत नाही. अपॉइंटमेंट अकराची, नंबर लागला दीडला, रिसेप्शनवर तीच फाईल परत परत मागतात, पार्किंगचं तर विचारूच नका.

पण डॉक्टर मॅडम भारी. मामींनी विचारलं, यांना कधी साधी सर्दी व्हायची नाही, मग गाठ वाढलीच कशी? तर मॅडमनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने गाठ काढली, भोवती गोल गोल पेशी, आणि म्हणाल्या गाठ आपल्याच पेशी फितूर करते, म्हणजे कचरा साफ करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी उलट तिला नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, आणि रेग्युलेटरी टी पेशी (टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी), ज्या एरवी शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून ब्रेक मारतात, त्यांना ती जवळ ओढून घेते, की मारेकरी टी पेशी गप्प. (२०२५ चं मेडिसिनचं नोबेल याच रेग्युलेटरी पेशींवरच्या कामाला, साकागुची, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांना.)

पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं, टी पेशींना ब्रेक लावणारं प्रोटीन) चा रिपोर्ट बघितल्याशिवाय बोलणार नाही म्हणाल्या, औषध सगळ्यांना लागू पडत नाही, ब्रेक काढला की थायरॉईड, आतडी, फुफ्फुसं सुजू शकतात हेही स्पष्ट सांगितलं. इतकं सरळ कोण सांगतं हो! बायोप्सीचे ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेले ठोकळे) सोबत न्या आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. मॅडमना पाच स्टार, बाकी कारभाराला दोन.