जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली : दहा महिन्यांनंतर

मोठा गट झाल्यावर मुलीला इंग्रजी माध्यमातून काढलं आणि जूनमध्ये गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला घातलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आता एप्रिल आलाय. दुसरीलाही ती इथेच राहणार, हे घरात सगळ्यांना मान्य आहे.

आधीच्या शाळेत ती 1 ते 100 आकडे सुंदर लिहायची, पण "अकरा चिंचोके दे" म्हटलं की गोंधळायची. इथे उलट झालं. पहिले दोन महिने वही जवळजवळ कोरी. गाणी, गोष्टी, चित्र बघून बोलणं, मातीकाम. मी घाबरून बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ताई, आधी तिला बोलू द्या. लिहिणं मागनं येतंय."

आणि आलं. बाईंनी अ-आ-इ-ई ओळीनं घोकून घेतलं नाही. म, क, न आणि काना, एवढंच आधी. तेवढ्यात मामा, काका, काम, मका, नाक, कान, मान असे शब्द झाले! दुसऱ्याच आठवड्यात पोरगी "मका" वाचून दाखवायला माझ्यामागे परड्यात आली.

गणिताचं तर मला फारच पटलं. आपण "सत्तेचाळीस" म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना चार आधी. त्यामुळे मुलं 74 लिहून मोकळी होतात. आमचीही लिहायची. बाई शंभर मण्यांची माळ घेतात, दहा लाल, दहा पांढरे अशी. चार दशक आणि सात सुटे मोजायचे, "चाळीस आणि सात" म्हणायचं, मग "सत्तेचाळीस". 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते. मुलीच्या हातात माळ बघितल्यावर मत बदललं.

पोषण आहारात पंगतीला बसून ती मटकी खायला लागली. घरी शिवत नव्हती.

आता जे खटकतं ते. चार वर्गांना दोनच शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यानं 60 मुलांपर्यंत दोनच मिळतात, कारण मोजणी डोक्यांची होते, वर्गांची नाही. त्यात बाई प्रशिक्षणाला किंवा माहिती भरायला गेल्या की पहिली चौथीच्या वर्गात जाऊन बसते आणि तो दिवस वाया जातो. सहा वर्षांच्या मुलांना वर्गात रोज आपलं माणूस लागतं, याचा मला खरंच राग येतो. इंग्रजी विषय गाण्यांपलीकडे फारसा गेलेला नाही. आम्ही घरी थोडं घेतो.

नाव घालायच्या आधी गुरुजी-बाईंना विचारून तासभर वर्गात मागे बसा. मी ते उशिरा, डिसेंबरात केलं. एक मुलगा "म्या न्हाई केलं" म्हणाला, कुणी हसलं नाही. बाईंनी त्याचं वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं, खाली "मी नाही केलं" लिहिलं आणि दोन्ही त्यालाच वाचायला लावली. त्यानं दोन्ही वाचली, मोठ्यानं.